चित्रांतून बेरीज

‘दोन आणि तीन किती?’ असे विचारताच मूल ‘पाच’ म्हणते आणि त्याला बेरीज आली असे आपण समजतो. पुष्कळदा ते उत्तर केवळ पाठ केलेले असते. ‘५’ हा अंक म्हणजे कागदावरची एक खूण. तिच्यामागे पाच वस्तू उभ्या आहेत हे मुलाला उमगेपर्यंत ती खूण त्याच्या दृष्टीने मुकीच असते. वस्तू आणि अंक यांमधील हे अंतर चित्राच्या साहाय्याने कसे पार करता येते, ते या पाठात पाहू. आपल्यापैकी अनेकजण आज स्वतः पालक आहेत. आपली शाळा अर्ध्यावर सुटली म्हणून मुलाचा पहिला अभ्यास आपल्याला घेता येणार नाही, असे मुळीच नाही.

महाराष्ट्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये वाढले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावरही गेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तू आल्या. १९७५ साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतील केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

मूल आधी हाताने, मग चित्राने आणि शेवटी चिन्हाने शिकते, असा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडला. आरंभीच्या बेरजेला तो अगदी चपखल लागू पडतो. मुलाने तीन चिंचोके एकीकडे व दोन दुसरीकडे ठेवावेत, मग ते हाताने एकत्र सारून मोजावेत. ही सारण्याची क्रिया म्हणजेच बेरीज. ती हाताला कळली की पाटीवर तीन ठिपके आणि दोन ठिपके काढून सर्वांभोवती एक मोठे कडे ओढावे. ‘३ + २ = ५’ हे लेखन त्यानंतरचे. ठिपक्यांची रांगोळी रोज दारात पाहणाऱ्या मुलाला ठिपका परका वाटत नाही.

चित्र मात्र पारखून घ्यावे लागते. फांदीवर तीन चिमण्या बसलेल्या आहेत आणि दोन हवेत आहेत, असे एक चित्र समजा. हवेतल्या चिमण्या येत आहेत की जात आहेत? येत असतील तर ती बेरीज. उडून जात असतील तर ती पाचांतून दोन वजा होण्याची गोष्ट. मोठ्यांचे लक्ष खाली छापलेल्या अधिक चिन्हाकडे जाते, मुलाचे चिमण्यांकडे. म्हणून चित्र समोर ठेवताच ‘किती?’ असे विचारू नये. ‘इथे काय चालले आहे?’ असे विचारावे आणि मुलाला गोष्ट सांगू द्यावी. त्याने वजाबाकीची गोष्ट सांगितली, तर तीही बरोबरच आहे! चित्र फार सजवूही नये. कोपऱ्यात हसरा सूर्य काढला, तर मूल त्यालाही मोजते.

काही दिवसांनी एक महत्त्वाचा टप्पा येतो. सात गोट्या आणि दोन गोट्या यांच्या चित्रात मूल पुन्हा एकपासून मोजू लागते. अशा वेळी सात गोट्यांवर कागदाचा तुकडा ठेवावा आणि त्यावर ‘७’ लिहावे. झाकलेल्या गोट्या मोजता येत नाहीत. मग मूल ‘सात’ म्हणून थांबते आणि पुढे ‘आठ, नऊ’ मोजते. चित्राची जागा अंकाने घ्यावयास येथे प्रारंभ होतो. काही मुले कागद उचलून खाली पाहतात. खुशाल पाहू द्यावे. खात्री पटली की ती आपणहून थांबतात.

चित्राचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष जाणवेल. छत्तीसगडमधील भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या अनेक भागांतून माणसे तेथे कामासाठी आली. भिलाईतल्या जुनवानीसारख्या वस्तीत एखादे मराठी मूल घरी ‘बेरीज’, ‘सहा’, ‘अकरा’ ऐकते आणि हिंदी माध्यमाच्या शाळेत ‘जोड़’, ‘छह’, ‘ग्यारह’. ‘छह और दो?’ या प्रश्नावर ते क्षणभर अडखळले, की गणितात कच्चे ठरते. वास्तविक ते शब्दाशी अडलेले असते, संख्येशी नव्हे. सहा ठिपके दोन्ही भाषांत सहाच असतात. ते दाखवावेत आणि मुलाला हव्या त्या भाषेत उत्तर देऊ द्यावे.

स्वाध्याय
१. ‘मुकी खूण’ असे लेखकाने कशाला म्हटले आहे? का?
२. चिमण्यांच्या चित्राबद्दल मुलाला प्रथम कोणता प्रश्न विचारावा?
३. आपल्या घरातील वस्तू वापरून ‘४ + ३’ यासाठी एक चित्र काढा. ते एखाद्या मुलाला दाखवा व त्याने सांगितलेली गोष्ट पाच-सहा वाक्यांत लिहा.