नवी स्कॉर्पिओ-एन, नवी क्लासिक की जुनी स्कॉर्पिओ? गाडीची पिढी दुकानदाराच्या हिशोबाने कशी तपासायची

मागच्या व्हिडिओत आपण खेळत्या भांडवलावर बोललो, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न गाडीचा होता. घरी सहा-सात माणसं, आई-बाबांना नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं, लग्नसराईत देवरी, बालाघाट, राजनांदगाव असं फिरणं होतं. मोठी गाडी पाहिजे, पण नवी घ्यायची की जुनी?

आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात "मोठी गाडी" म्हटलं की दहापैकी बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर स्कॉर्पिओ येते, म्हणून आजचा धडा तिच्यावरच घेतो. पद्धत समजली की सफारी, एक्सयूव्ही, इनोव्हा, कोणालाही लावा.

आधी पिढी ओळखा, मग साल

जुनी गाडी पाहायला गेलं की विकणारा साल सांगतो. "अठराची आहे भाऊ, एकच हात." साल महत्त्वाचं आहेच, पण त्याच्या आधी पिढी. नवीन पिढी म्हणजे खालचा सांगाडाच बदलला. फेसलिफ्ट म्हणजे सांगाडा तोच, समोरचा चेहरा आणि थोडंफार सामान बदललं. आणि व्हेरिएंट म्हणजे त्याच गाडीत कमी-जास्त सोयी. विकणारा बरेचदा फेसलिफ्टला नवी पिढी म्हणून खपवतो, आणि आपण चमकणाऱ्या जाळीचे पैसे देतो.

स्कॉर्पिओ २००२ साली आली, नाशिकच्या कारखान्यातून. मध्ये चेहरे बदलले, एमहॉक इंजिन आलं. सप्टेंबर २०१४ मध्ये सांगाडा बदलला, ही खरी मोठी पायरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये फेसलिफ्ट झालं आणि वरच्या मॉडेलमध्ये १४० हॉर्सपॉवर आणि सहा गिअर आले. मग जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन. ही पूर्णपणे वेगळी गाडी आहे, चाकणला बनते, फक्त नाव जुनं ठेवलं आहे. गंमत म्हणजे कंपनीने जुनी बंद केली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिलाच "स्कॉर्पिओ क्लासिक" म्हणून पुन्हा बाजारात आणलं, १३२ हॉर्सपॉवरच्या हलक्या केलेल्या इंजिनासह.

म्हणजे आज शोरूममध्ये उभी असलेली कोरी क्लासिक ही २०१४ च्या पिढीची गाडी आहे, आणि बाजारात मिळणारी तीन वर्षं वापरलेली स्कॉर्पिओ-एन ही तिच्यापेक्षा नव्या पिढीची. नव्या-जुन्याचा घोळ इथूनच सुरू होतो. कोरी असणं आणि नवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिढी बदलल्याने घरच्यांना काय मिळतं

सुरक्षेबद्दल मी थोडा जास्त बोलणार, कारण गाडी पाहताना आपण म्युझिक सिस्टिमवर अर्धा तास घालवतो आणि एअरबॅगबद्दल विचारतसुद्धा नाही.

२०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने विनाएअरबॅगची स्कॉर्पिओ धडकवून पाहिली, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला त्याच संस्थेकडून मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन स्टार मिळाले, आणि तोपर्यंत चाचणीचे नियम आधीपेक्षा कडक झाले होते. २०१६ चा तो निकाल एअरबॅग असलेल्या आजच्या क्लासिकला जसाच्या तसा चिकटवणं बरोबर नाही. पण पिढी तीच, हे डोक्यात ठेवा.

जुनी घेणाऱ्यांसाठी तीन तारखा वहीत लिहून ठेवण्यासारख्या आहेत. एप्रिल २०१९ पासून सगळ्या गाड्यांना एबीएस, जुलै २०१९ पासून चालकासमोर एअरबॅग आणि मागे पार्किंग सेन्सर, आणि २०२१ संपता संपता शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत हे फक्त महागड्या व्हेरिएंटमध्ये असायचं. म्हणून २०१८ ची खालच्या मॉडेलची स्कॉर्पिओ आणि २०१९ च्या दिवाळीची स्कॉर्पिओ यांत एका वर्षाचाच फरक आहे असं समजू नका. मी तर घरच्यांसाठी जुलै २०१९ च्या आधीची, एअरबॅग नसलेली गाडी घेऊच नका म्हणतो. पन्नास हजार कमी पडले तरी नाही.

मागच्या आडव्या सीट्सही बघा. जुन्या स्कॉर्पिओत बऱ्याच मॉडेलमध्ये तिसऱ्या रांगेत समोरासमोर बाकडी असतात. पोरांना तिथे मजा येते. पण धडकेच्या वेळी आडवं बसलेल्या माणसाला सावरायला काहीच नसतं. गावातल्या गावात ठीक, नागपूरच्या रस्त्याला नाही.

आता उलटी बाजू. एन ही ४,६६२ मिलिमीटर लांब आणि १,९१७ रुंद आहे, क्लासिक ४,४५६ आणि १,८२०. रुंदीतच जवळपास चार इंच फरक. गोंदियाच्या बाजारातल्या गल्लीत संध्याकाळी सहाला गाडी काढायची असेल तर हे चार इंच कळतात. घराच्या फाटकाचं माप घेऊनच शोरूमला जा, हे मी हसत नाही सांगत. शिवाय एनमध्ये तिसरी रांग उघडी ठेवली की मागे सामानाला जागा फारच थोडी उरते. सात माणसं आणि लग्नाच्या बॅगा एकत्र जाणार नाहीत, वर कॅरिअर लागेल.

ऑटोमॅटिक गिअर पाहिजे तर क्लासिकमध्ये मिळत नाही. फोर-व्हील ड्राइव्हही नाही.

खरा प्रश्न: ते पाच लाख कुठे कामाला आहेत?

समजा आमगावचे एक कृषी केंद्रवाले आहेत. आकडे मी हिशोबासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही टाका. नवी गाडी ऑन-रोड १८ लाख. आठ लाख हातचे, दहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता २०,७५८ आणि व्याज सुमारे २ लाख ४६ हजार. पाच वर्षांनी गाडी १० लाखांना विकली. म्हणजे गाडी वापरण्याचा खर्च १८ अधिक २.४६ वजा १०, बरोबर १० लाख ४६ हजार.

जुनी गाडी १० लाखांची. तीन लाख हातचे, सात लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, १३ टक्के धरू, चार वर्षं. हप्ता १८,७७९, व्याज सुमारे २ लाख १ हजार. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी, सस्पेन्शनचं काम ६० हजार. दुरुस्तीला नव्या गाडीपेक्षा वर्षाला २५ हजार जास्त, म्हणजे पाच वर्षांत सव्वा लाख. पाच वर्षांनी विकून ५ लाख आले. एकूण ८ लाख ८६ हजार.

फरक किती? १ लाख ६० हजार. पाच वर्षांत. महिन्याला २,७०० रुपयांच्या आत. (पेट्रोल-डिझेल आणि विमा मी बाजूला ठेवला आहे.) पाटीवर आठ लाखांचा फरक दिसत होता, हिशोबात तो एवढासा झाला. इथे बरेच जण म्हणतात, मग नवीच घ्या ना.

थांबा. नवीत आठ लाख हातचे गेले, जुनीत तीन. वरचे पाच लाख दुकानात राहिले. धानाच्या हंगामाआधी बियाणं, खत, औषध भरायला हेच पैसे लागतात. समजा हा माल वर्षात चार वेळा फिरतो आणि खर्च जाऊन ८ टक्के सुटतात. पाच लाख गुणिले चार गुणिले ८ टक्के, वर्षाला १ लाख ६० हजार. पाच वर्षांत गाडीतून जेवढं वाचलं, तेवढं हे पैसे एका वर्षात कमावतात. हंगामात भांडवल कमी पडून तुम्ही व्यापाऱ्याकडून उधारीवर महाग माल उचलत असाल, तर नवी गाडी तुम्हाला परवडत नाही, हप्ता भरता येत असला तरी.

आणि तेच पाच लाख जर बचत खात्यात नुसते पडून असतील, दुकानाला त्यांची गरजच नसेल, तर मात्र नवी घ्या. एवढ्याशा फरकात वॉरंटी आणि झोप दोन्ही मिळते.

जीएसटी आणि करातले तीन गैरसमज

पहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्क्यांऐवजी सरळ ४० टक्के जीएसटी झाला. कर आधीच्या १०० च्या गाडीवर १५० होत होते, आता १४०, म्हणजे किंमत साधारण पावणेसात टक्क्यांनी उतरते. म्हणून कोणी २०२३ चं बिल दाखवून "मला एवढ्यात पडली, तुम्हाला चार लाख कमी करून देतो" म्हणालं तर ते बिल बाजूला ठेवा. आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून खाली मोजत या.

दुसरा. "दुकानाच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो." चालकासह १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर साध्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट मिळत नाही. घसारा १५ टक्के मिळतो, धंद्यात जेवढा वापर तेवढ्याच हिश्श्याचा. पण तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे जुन्या कायद्यातल्या ४४एडी मध्ये रिटर्न भरत असाल, तर घसारा आणि व्याज वेगळं वजा होत नाही. आपले निम्मे दुकानदार त्यातच असतील. सीएला गाडी घेण्याआधी विचारा, मार्चमध्ये नाही.

तिसरा. महाराष्ट्रात डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १० ते २० लाखांच्या टप्प्यात १४ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हा फरक आधी काढा.

जुनी बघायला जाताना

सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर परत या. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा, भसाभस धूर वर येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलंय.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडाली होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे, लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद केलाय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. "तीस हजार चालली" म्हणणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर मीटरवर विश्वास ठेवू नका, गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मागा.

स्कॉर्पिओचा सांगाडा शिडीसारखा असतो, बॉडी वर बसवलेली. म्हणून खाली वाकून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. वेल्डिंगचे नवे जोड, फक्त एका बाजूला मारलेला काळा रंग, गंज. आपल्याकडे या गाड्या ठेकेदारांकडे आणि निवडणुकीच्या प्रचारात फार पिळून काढलेल्या असतात, त्यामुळे मालक काय करतो हेही विचारा. चालवताना फक्त बिरसी विमानतळाच्या सरळ रस्त्यावर पळवून समाधान मानू नका. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. खड्ड्याच्या रस्त्यावर, खिडक्या बंद करून, म्युझिक बंद करून दोन किलोमीटर जा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी फक्त घर ते दुकान चालली असेल तर ती तुंबते. अशी गाडी लांबच्या रस्त्यावर अधूनमधून नीट पळवावी लागते. तुमचा रोजचा वापरच तीन किलोमीटरचा असेल तर पेट्रोल बघा.

सीजी आणि एमपीची गाडी

रायपूर, बालाघाटची गाडी लाख-दीड लाखांनी स्वस्त दिसते. दिसते. तिथल्या आरटीओची एनओसी, इथे एमएच-३५ चा नवा नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे धरून मग भाव बोला. तिकडे भरलेला कर परत मागता येतो, पण अर्ज करून, वेळ काढून. बारा महिन्यांच्या पुढे दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथे गाडी ठेवता येत नाही.

कर्जाची नोंद आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर पैसे देऊ नका. ई-चलान बाकी आहेत का ते परिवहनच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी पाटी बसवली आहे का तेही बघा.

आणि तुमची जुनी गाडी तुम्ही विकत असाल तर हे जास्त नीट वाचा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी दिली, म्हणजे काम झालं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. गाडी पुढे चार हात फिरली असली तरी. विक्रीची खबर आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते, घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर ४५. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तुमचा नो क्लेम बोनस मात्र तुमचाच आहे, तो गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या आणि पुढच्या गाडीला लावा.