मोजता न येणारी चांदी

कलिल चांदी म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. मात्र शुद्ध चांदीच्या दोन तारा ऊर्ध्वपातित पाण्यात सोडून आणि 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकसरीत जोडून औषध म्हणून घरी जे द्रव तयार करतात, त्यात कणांपेक्षा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बहुधा अधिक असतात. पाणी स्थिर राहिल्यास ऋण तारेवर काळपट, केसाळ थर चढतो आणि त्याचे पुंजके गळून तळाशी बसतात, म्हणून हौशी मंडळी ढवळणी जोडतात. संगणकातील जुन्या पंख्यावर दोन चुंबके, एकाचा उत्तर व दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर ठेवून, मध्यापासून सारख्या अंतरावर चिकटवली, की वरच्या काचपात्रातील टेफ्लॉनच्या आवरणाची चुंबकी कांडी फिरू लागते. चुंबक तसूभर सरकले तरी पंखा थरथरतो आणि वेग फार वाढला की कांडी चुंबकांची साथ सोडून जागच्या जागी तडतडते.

हे सारे जमून आले, म्हणजे द्रव नितळ दिसते आणि कारागिरीवरचा विश्वास नकळत औषधावर जाऊन बसतो. खरी फसगत तेथे आहे. 10 मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर फॅरेडेच्या नियमानुसार धन तारेतून सुमारे 40 मिलिग्रॅम चांदी सुटू शकते, आणि ती सगळी एका लिटरात राहिली तर भारतीय मानक 10500 मधील पिण्याच्या पाण्याच्या लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम या मर्यादेच्या ती चारशे पट भरते. प्रत्यक्षात काही चांदी ऋण तारेवर परत बसते, काही तळाशी जाते. उरते किती, हे घरी कळत नाही, कारण टीडीएस मीटर कण मोजत नाही आणि लेझरचा झोत कण आहेत एवढेच दाखवतो.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात 2002 साली सिनेटची निवडणूक लढवलेले स्टॅन जोन्स यांनी 2000 साल लागताच संगणक बिघडतील या वाय-टू-केच्या गोंधळात प्रतिजैविके मिळणार नाहीत या भीतीने असे द्रव घरी बनवून घेतले होते आणि त्यांची त्वचा निळसर करडी झाली. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. त्वचेत साचलेली चांदी प्रकाशाने गडद होते आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर 1999 मध्येच चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला होता.

ढवळणी करण्यात गैर काहीच नाही, किंबहुना शाळेच्या प्रयोगशाळेत ती फार उपयोगी पडते. मात्र तिच्यातून निघालेले चांदीचे पाणी पिऊ नये, डोळ्यांत वा नाकात घालू नये आणि सूक्ष्मजीवांना व जलचरांना ते घातक असल्याने मोरीत ओतू नये. ज्यांनी ते आधीच घेतले आहे, त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण थायरॉक्सिन आणि काही प्रतिजैविके यांच्या शोषणात चांदी अडथळा आणू शकते.