संकेतस्थळावर ‘स्क्रिप्ट एरर’ आल्यास काय करावे?



पीक विम्याचा किंवा ठिबक अनुदानाचा अर्ज भरताना जिल्हा निवडला, पण तालुक्याची यादी रिकामीच राहिली. किंवा सर्व माहिती भरून ‘पुढे’ हे बटण दाबले तरी पान जागचे हलले नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. कधी ‘स्क्रिप्ट एरर’ असा संदेशही येतो. मुदत संपत आलेली असते आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच उत्तर मिळते. ते काही वेळा खरे असते. परंतु कित्येकदा दोष आपल्याच संगणकात किंवा मोबाईलमध्ये असतो व तो दहा मिनिटांत दूर करता येतो.

संकेतस्थळाचे पान आपल्या यंत्रावर तुकड्या-तुकड्यांनी येते. मजकूर येतो, चित्रे येतात आणि त्यासोबत ‘स्क्रिप्ट’ येते. स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरने काय करायचे याच्या सूचना. बहुतेक ठिकाणी त्या जावास्क्रिप्ट या १९९५ साली तयार झालेल्या भाषेत असतात. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी भरणे, गट क्रमांक तपासणे, बेरीज करणे ही कामे स्क्रिप्ट करते. ती अर्धवट आली, अडवली गेली किंवा ब्राउझरला समजली नाही, की पान दिसते पण काम करत नाही.

पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घेतो, चुनखडीच्या जमिनीत शेंड्याकडची नवी पाने पिवळी दिसली तर लोहाची. येथेही आधी लक्षण पाहावे, मग उपाय करावा.

पहिली गोष्ट, बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. अर्ज गेला असेल तर दुबार नोंद होण्याचा किंवा पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका असतो. अर्ज क्रमांकाचा लघुसंदेश आला का, खात्यातून रक्कम गेली का, हे आधी पाहावे. पडद्यावरील संदेशाचा फोटो काढून ठेवावा. लांब मजकूर लिहिला असेल तर तो दुसरीकडे उतरवून घ्यावा, कारण पुढील उपायांत तो पुसला जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर कंट्रोल व एफ ५ या कळा एकत्र दाबाव्यात. ब्राउझर पूर्वी पाहिलेल्या पानाच्या फाईली साठवून ठेवतो. संकेतस्थळात बदल झाला आणि आपल्याकडे जुनीच स्क्रिप्ट राहिली, तर दोहोंचा मेळ बसत नाही. या कळांनी फाईली नव्याने मागवल्या जातात.

तरीही जमले नाही, तर तेच पान खाजगी खिडकीत उघडावे. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी या कळांनी ती उघडते. ही खिडकी म्हणजे आपला नियंत्रण प्लॉटच समजा. तेथे जुनी साठवण वापरली जात नाही आणि ब्राउझरला जोडलेली जादा साधने (एक्स्टेन्शन) सहसा बंद असतात. येथे पान नीट चालले तर दोष नक्की आपल्याकडे आहे. जाहिराती अडवणारी साधने एकेक करून बंद करावीत. साठवण काढण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व डिलीट दाबावे. मात्र पासवर्डच्या चौकोनात खूण करू नये. एका वेळी एकच बदल करावा. दोन औषधे एकत्र फवारली, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पानाचे आपोआप मराठी भाषांतर सुरू असेल तर तेही बंद करावे. काही संकेतस्थळांवर या भाषांतरामुळे याद्या व बटणे बिघडतात. हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

खाजगी खिडकीतही अडले तर दुसरा ब्राउझर आणि दुसरे इंटरनेट वापरून पाहावे. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. एखादे जुने संकेतस्थळ त्याचीच मागणी करत असेल, तर एज ब्राउझरमधील ‘आयई मोड’ वापरावा. विंडोज ७ असलेल्या संगणकावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. नव्या स्क्रिप्ट तिला समजतीलच असे नाही. पावतीच उघडत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला ‘पॉप-अप’ अडवल्याची खूण दिसते का पाहावे.

आमच्या विभागातील एका संगणकावर कोणतेच संकेतस्थळ धड उघडेना. दोन दिवस इंटरनेटला दोष देण्यात गेले. नंतर कळले की आतील नाण्याएवढा सेल संपल्याने तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझर मानत नाही. थोड्या पैशांचा सेल बदलला आणि काम झाले.

ज्यांना खोलात जायचे असेल त्यांनी एफ १२ दाबून ‘कन्सोल’ पाहावे. लाल ओळीत ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ असेल तर आपल्याच साधनाने फाईल अडवली आहे. ‘इज नॉट डिफाइन्ड’ असेल तर बहुधा एखादी फाईल पोहोचलेलीच नाही. ५०० किंवा ५०३ हे आकडे दिसले, तर बिघाड पलीकडच्या बाजूला आहे; आपण काहीही करून उपयोग नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा. कन्सोलमध्ये कोणी सांगितलेला मजकूर मात्र कधीही चिकटवू नये.

आणखी एक धोका आहे. ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश आला तर तो फसवणुकीचा समजावा. खऱ्या स्क्रिप्ट एररमध्ये फोन क्रमांक नसतो. खिडकी बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप दाबून ब्राउझर बंद करावा. ओटीपी सांगू नये, दुसऱ्याला आपला पडदा दिसेल असे ॲप घेऊ नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बिघाड पलीकडचाच निघाला, तर तारीख, वेळ, ब्राउझरचे नाव व आवृत्ती, संदेश जसाच्या तसा आणि फोटो यांसह त्याच दिवशी लेखी तक्रार करावी व तिचा पोच क्रमांक जपून ठेवावा.