थंड पाण्यातील गंगाजळी

नॉर्वेच्या उत्तरेस, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, स्वालबार्ड बेटांत काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेली खोल, लांबट खाडी. ही सुमारे २० किलोमीटर लांब आहे. काठावरच्या नी-ओलेसुंद गावातील कोळशाची खाण १९६२ च्या भीषण अपघातानंतर बंद पडली. आता तेथे मुख्यतः संशोधकांचा राबता असतो. २००८ साली भारतानेही तेथे 'हिमाद्री' केंद्र उघडले. त्याचा कारभार चालतो गोव्यातील वास्कोहून, म्हणजे आपण बेळगावकर लोंढ्यावरून ज्या वास्कोला जातो तेथूनच!

मी वाणिज्य शाखेचा, जीवशास्त्र एस्. एस्. एल्. सी.लाच सुटले. तरी या खाडीचा जमाखर्च मला मोठा रंजक वाटला.

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवत नाही. या काळात पाणी ढवळून खालचे पोषक क्षार वर येतात, पण त्यांना गिऱ्हाईक नसते. एप्रिल-मेमध्ये उजेड मिळाला की डायाटम झपाट्याने वाढतात. या काचेसारख्या कवचाच्या एकपेशी वनस्पती. डोळ्यांना दिसत नाहीत, पण साऱ्या खाडीचे पोट त्यांच्यावर. क्षार संपले की भर ओसरतो. पुढे हिमनद्यांचे गढूळ पाणी त्यांच्या तोंडाशी उजेडही अडवते.

एवढ्या थोड्या हंगामात वर्षाची बेगमी करतो तो कॅलेनस. हा कोळंबीचा दूरचा नातलग, तांदळाच्या दाण्याहून लहान. डायाटम खाऊन तो अंगात मेणासारखी चरबी साठवतो आणि खोल पाण्यात उतरून हिवाळा काढतो. गंगाजळी म्हणतात ती हीच! लिटल ऑक नावाचा छोटा पक्षी हे कॅलेनस गळ्याच्या पिशवीत भरून पिलांना नेतो.

खरा प्रश्न पुढेच आहे. येथे कॅलेनसच्या दोन मुख्य जाती: एक आर्क्टिकची, मोठी व चरबीने भरलेली; दुसरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहाबरोबर येणारी, लहान आणि कित्येक पट कमी चरबीची. खाडीच्या तोंडाशी उंच उंबरठा नसल्याने ते पाणी सहज आत शिरते. २००६ पासून हिवाळ्यात येथे पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. उबदार पाणी वाढले की पाहुण्या जातीचा वाटा वाढतो. डोकी तितकीच मोजली, तरी पिलाच्या घासात चरबी कमी! नुसती संख्या पाहणाऱ्याला हा तोटा दिसायचाच नाही.

त्यात या दोन जाती ओळखणेही अवघड. पूर्वी लांबीवरून ठरवीत. जनुकीय तपासणीत कळले की लांबी फसवते. तेव्हा जुन्या नोंदी सावधपणे वाचाव्या लागतात. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी याच खाडीत नांगरलेल्या दोरावर उपकरणे सोडली, ती अंधाऱ्या हिवाळ्यातही पाण्याचे तापमान व खारटपणा टिपण्यासाठी.