डॉक्टरीचा अभ्यास आणि जामखेडच्या बाया

पुढें कोण होणार असें विचारलें असतां तुमच्यापैकीं पुष्कळजण ‘डॉक्टर’ असें उत्तर देतात, आणि तें ऐकून आईबापांसही संतोष होतो. परंतु डॉक्टर होणें म्हणजे काय काय शिकणें, याचा विचार क्वचितच होतो. वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना, औषधें, शस्त्रक्रिया हे विषय तर असतातच. त्यांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य हाही एक विषय असतो. विद्यार्थी बहुधा त्याला रुक्ष समजतात. ही समजूत किती चुकीची आहे हें पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यांतील जामखेडची हकीकत पुरे आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलें. १९६० सालीं विवाह झाला तेव्हांच खेड्यांतील गरिबांची सेवा करावयाची असा त्यांनीं निश्चय केला, व पुढें नेवासें तालुक्यांतील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयांत कांहीं वर्षें काम केलें. तेथें त्यांस एक गोष्ट खुपूं लागली. बरे होऊन गेलेले रोगी त्याच दुखण्यानें पुनः येत. औषध दिलें खरें, पण घरीं पाणी तेंच आणि उपासमारही तीच! म्हणून चांगला जम बसला असतांही हीं दोघें पुनः विद्यार्थी झालीं, आणि अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० सालीं जामखेडास आलीं.

या शास्त्राची पहिली पायरी मोजणी होय. वर्षभरांत जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें किती मुलें पहिला वाढदिवस येण्यापूर्वींच दगावतात, हें प्रमाण काढावयाचें. १९७१ च्या सुमारास जामखेडकडील खेड्यांत तें १७६ होतें. नुसता आंकडा वाचून मन हलत नाहीं, म्हणून गणित करून पाहा: एखाद्या गांवांत वर्षांत ४० पाळणे बांधले, तर त्यांतील ७ वर्षाच्या आंत रिकामे होत. कारणें पाहावीं तर जुलाब, धनुर्वात, अपुरें अन्न. यांतील बहुतेकांस अडविण्यासाठीं मोठें इस्पितळ लागत नाहीं.

पण तें ज्ञान घरोघर नेणार कोण? प्रथम शिकलेल्या परिचारिका पाठविल्या. त्यांचें खेड्यांत मन रमेना, व गांवालाही त्या परक्या वाटत. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडून द्यावी असें ठरलें. या बायांपैकीं बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडास येत, एकत्र जेवीत, एकत्र निजत, आणि जें शिकत तें परत जाऊन शेजारणींस सांगत. (ज्यानें पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यास ही परीक्षा अधिक अवघड वाटेल!)

एकच पाठ घेऊं. जुलाब लागले कीं पूर्वीं मुलाचें पाणी तोडीत, आणि मूल सुकून जाई. या बाया सांगूं लागल्या कीं पाणीच द्या. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें आणि थोडें थोडें पाजीत राहावें. साखरेच्या संगतीनें मीठ व पाणी आंतड्यांतून अंगांत शोषलें जातें. प्रमाण मात्र चुकूं नये. जास्त मीठ अपाय करतें. मूल मलूल झालें, पाणी पोटांत ठरेनासें झालें अथवा शौचावाटे रक्त दिसलें, तर दवाखाना गांठलाच पाहिजे.

सुमारें दोन तपांत त्या भागांतील १७६ चा आंकडा ३० च्या खालीं आला. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. जामखेडचें रुग्णालय त्यांच्यामागेंही चालूं राहिलें, व तेथें शिकावयास देशोदेशींचे लोक येत आले आहेत. महाविद्यालयांतून आलेल्या त्या पदवीधरांस धडे देण्यास खेड्यांतील याच बाया उभ्या राहात, ही गोष्ट मला पारितोषिकाहून मोठी वाटते.

सुट्टींत गांवीं गेलां म्हणजे आपल्या आळीचें पिण्याचें पाणी कोठून येतें, सांडपाणी कोठें जातें, आणि या दोहोंमध्यें अंतर किती पावलांचें आहे, एवढें मोजून वहींत लिहून आणा. शाळा उघडतांच पहिल्या तासाला त्या वह्या पाहूं.