छर्र्याचे काडतूस आणि पीकसंरक्षण : उपयोग, मर्यादा व पर्याय

ज्वारी हुरड्यावर आली, सूर्यफुलात दाणे भरू लागले किंवा गोदामात नवा माल उतरला की पाखरे आणि उंदीर यांच्या उपद्रवाच्या तक्रारी वाढू लागतात. अशा वेळी विस्तार कार्यकर्त्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘बारीक छर्र्याच्या बंदुकीने यांचा बंदोबस्त करता येणार नाही का?’ परदेशातील कोठारांत लहान बंदुकीने उंदीर टिपल्याच्या चित्रफिती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतात. त्यामुळे या प्रश्नाला केवळ ‘नाही’ असे उत्तर देऊन भागत नाही. त्यामागील कारणे शेतकऱ्यांना आकड्यांनिशी सांगावी लागतात. प्रस्तुत लेखात छर्र्याच्या काडतुसाची क्षमता, त्याचे दुष्परिणाम, त्यासंबंधीचा कायदा आणि त्याहून परिणामकारक पर्याय यांचा विचार केला आहे.

छर्र्याच्या काडतुसाची रचना व क्षमता

सामान्य काडतुसात एकच गोळी असते, तर छर्र्याच्या काडतुसात शिशाचे अनेक बारीक मणी भरलेले असतात. लहान व्यासाच्या, म्हणजे ०.२२ इंची (सुमारे ५.६ मिमी) काडतुसात बहुधा १२ क्रमांकाचे छर्रे वापरतात. या छर्र्याचा व्यास सुमारे १.३ मिमी, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि वजन सुमारे १२ मिलिग्रॅम असते. एका काडतुसात साधारण २ ग्रॅम शिसे, म्हणजे दीडशेहून अधिक छर्रे मावतात.

इतक्या हलक्या छर्र्याला वेग असला तरी जोर नसतो. नळीतून बाहेर पडताना एका छर्र्याची ऊर्जा जेमतेम अर्धा जूल असते आणि हवेच्या विरोधामुळे ती झपाट्याने घटते. शिवाय रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. एका गोळीला स्थिर ठेवण्यासाठी उपयोगी पडणारा हा पीळ छर्र्यांना मात्र गरगरवून बाहेर फेकतो. परिणामी छर्रे कडेला पांगतात आणि मध्यभाग विरळ राहतो. या दोन्ही कारणांनी अशा काडतुसाचा खरा उपयोग ३ ते ५ मीटर अंतरापर्यंतच होतो. युरोपात बाग व कोठारे यांसाठी वापरली जाणारी ९ मिमी व्यासाची छोटी बंदूक गुळगुळीत नळीची असल्याने छर्रे थोडे अधिक एकत्र राहतात. तथापि तिचा पल्लाही मर्यादितच असतो.

या काडतुसाचा तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय उपयोग एकच उरतो : रिकाम्या, बंदिस्त जागेत, अगदी जवळून, एखाददुसरा उंदीर टिपणे. कीडनियंत्रणाचे साधन म्हणून त्याचे मूल्यमापन करताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी.

खुल्या शेतातील निष्फळता

पोपटांचा थवा सूर्यफुलावर उतरतो तेव्हा राखणदार आणि थवा यांच्यातील अंतर सहसा ३० ते ५० मीटर असते. तेथवर हे छर्रे निरुपयोगी ठरतात. थवा उडतो तो आवाजाने. तोही काही वेळाने परततो आणि चार-सहा दिवसांत आवाजाला सरावतो. रानडुक्कर व रोही यांच्यावर बारीक छर्रे झाडणे तर अधिकच घातक असते. छर्रे कातडीत रुततात, जनावर मरत नाही, जखमा चिघळतात आणि पिसाळलेले रानडुक्कर माणसावर उलटण्याचा धोका वाढतो.

उंदरांच्या बाबतीत अडचण संख्येची आहे. शेतातील लहान घूस, मऊ केसांचा उंदीर आणि घरातील काळा उंदीर या जाती निशाचर आहेत. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेतात सहा ते आठ पिल्ले होऊ शकतात. रात्री दोन-चार उंदीर टिपले तरी अन्न व निवारा कायम असल्याने उरलेल्यांची वीण ती तूट थोड्याच काळात भरून काढते. ज्या उपायाने एका वेळी एकच प्राणी कमी होतो, त्याने संपूर्ण शिवारातील प्रादुर्भाव आटोक्यात येत नाही.

बाजारपेठ व गोदाम : एका छर्र्याचा हिशेब

शेतात नाही तर निदान गोदामात हे काडतूस चालावे, असा युक्तिवाद केला जातो. त्यासाठी जबलपूरचे उदाहरण घेता येईल. शस्त्रनिर्मितीशी या शहराचे नाते जुने आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून कार्यरत असून खमरिया येथील ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. याच शहराच्या जुन्या भागात, कमानिया गेटजवळ, बडा फुहारा ही गजबजलेली बाजारपेठ आहे. भिंतीला भिंत लागून असलेली दुकाने, मागे माल साठवण्याच्या खोल्या, वर राहती घरे आणि रस्त्यावर दिवसभर वर्दळ असे अशा जुन्या पेठांचे स्वरूप असते. नागपूरची इतवारी असो वा पुण्याची भवानी पेठ, चित्र फारसे निराळे नाही. अशा ठिकाणी दगडी भिंतीवर किंवा लोखंडी पत्र्यावर आदळून उलटणारा छर्रा माणसाचा डोळा निकामी करू शकतो. धान्याची हवेत तरंगणारी धूळ आणि धुरीसाठी वापरला जाणारा फॉस्फीन वायू हे दोन्ही ज्वलनशील असल्याने नळीतून निघणारी ठिणगीही धोकादायक असते.

याहून गंभीर, पण डोळ्यांना न दिसणारा प्रश्न शिशाचा आहे. तृणधान्यातील शिशाची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार प्रतिकिलो ०.२ मिलिग्रॅम आहे. एका छर्र्यात सुमारे १२ मिलिग्रॅम शिसे असते. म्हणजे ६० किलो धान्यात जेवढे शिसे कमाल चालू शकते, तेवढे एका छर्र्यात असते; ५० किलोच्या एका पोत्यासाठी एकच छर्रा मर्यादेबाहेर जातो. पूर्ण काडतुसातील २ ग्रॅम शिसे १०० क्विंटल धान्याच्या मर्यादेएवढे होते. छर्रा धातुरूपात असल्याने ते सर्व शिसे धान्यात एकजीव होणार नाही हे खरे. परंतु तो दळणात भरडला गेल्यास किंवा पोटात गेल्यास धोका प्रत्यक्षात येतो. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. उंदराने खाल्लेले धान्य मोजता येते; पोत्यात हरवलेला छर्रा मात्र शोधून काढणे दुरापास्त असते.

शेतात पडलेल्या छर्र्यांचीही तीच गत. दाणे टिपणारे पक्षी अन्न दळण्यासाठी पोटात बारीक खडे ठेवतात. ते छर्र्यांना खडे समजून गिळतात. जखमी उंदीर वा पक्षी खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या पोटातही शिसे जाते. याच कारणास्तव अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर १९९१ मध्ये देशभर बंदी घातली, डेन्मार्कने १९९६ मध्ये त्यांचा वापर बंद केला आणि युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ प्रदेशात त्यांना मनाई आहे.

भारतीय कीटकशास्त्रातील छर्र्याची कामगिरी

छर्र्याच्या बंदुकीने भारतीय शेतीला एक मोलाची गोष्ट अवश्य दिली, ती म्हणजे ज्ञान. विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत शेतातील पक्षी नेमके काय खातात याचा अभ्यास झाला. पक्ष्यांच्या जठरातील अन्नाचे परीक्षण करून चार्ल्स मेसन व तत्कालीन इंपीरियल एंटमॉलॉजिस्ट हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९१२ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या आहारावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी दुर्बिणी व छायाचित्रणाची साधने तोकडी असल्याने पक्षी टिपणे हीच अभ्यासाची रूढ पद्धत होती आणि पिसे व जठर खराब होऊ नयेत म्हणून बारीक छर्रे वापरले जात.

पक्ष्यांच्या आहाराच्या अशा अभ्यासांतून हाती आलेला निष्कर्ष बंदुकीच्या विरोधात गेला. कोतवाल, नीळकंठ, साळुंकी, बगळा असे अनेक पक्षी अळ्या, नाकतोडे, भुंगेरे मोठ्या प्रमाणात फस्त करतात. दाणे खाणारी चिमणीदेखील आपल्या पिल्लांना मुख्यतः किडे भरवते. ज्या पक्ष्याला एका हंगामात उपद्रवी म्हणावे, तोच दुसऱ्या हंगामात मित्र ठरतो. हे ज्ञान आता उपलब्ध असल्याने ते पुन्हा बंदुकीने मिळवण्याची गरज उरलेली नाही.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच जखमी करणे, पकडणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. हत्यार कोणते, यावर ही व्याख्या अवलंबून नाही. एअरगनने पोपट वा मोर मारणे हीदेखील शिकारच होय. पूर्वी कावळा, फळभक्षी वटवाघुळे, उंदीर यांचा समावेश असलेली उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली असून ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता एखादा प्राणी ठरावीक क्षेत्र व मुदतीपुरता उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार कलम ६२ खाली केंद्र सरकारला आहे. उभ्या पिकाची हानी करणाऱ्या वन्यप्राण्याबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. परवानगीपूर्वी केलेली कृती नंतरच्या अर्जाने वैध ठरत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख आहे. हा परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. वन्यप्राणी मारण्याची परवानगी त्यात आपोआप येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दाट वस्तीच्या बाजारपेठेत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

परिणामकारक पर्याय

शेतातील उंदीर
१. सायंकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उकरलेली बिळे ‘जिवंत’ समजून त्यांवरच उपाय करावा.
२. दोन दिवस भरडधान्य व तेल यांचे विषविरहित आमिष द्यावे. तिसऱ्या दिवशी ९६ भाग भरडधान्य, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष कागदाच्या पुडीतून प्रत्येक जिवंत बिळात सुमारे १० ग्रॅम टाकावे.
३. झिंक फॉस्फाइडमुळे उंदीर आमिषाला बिचकतात. म्हणून ते लगेच पुन्हा न वापरता उरलेल्या जिवंत बिळांत ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के आमिष प्रतिबीळ १५ ग्रॅम द्यावे.
४. मोहीम पेरणीपूर्वी आणि संपूर्ण गावाने एकाच वेळी राबवावी. अन्यथा शेजारच्या बांधावरून उंदीर परततात.
५. आमिष हाताने कालवू नये. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे घुबडे, कुत्री व मांजरे यांना विषबाधा होत नाही.
६. गव्हाणी घुबडासाठी पेट्या व पक्षीथांबे उभारावेत. धामण मारू नये. ती बिळात शिरून उंदीर खाते.

गोदाम व दुकान
१. घरातील लहान उंदीर ६ मिमीच्या फटीतूनही शिरू शकतो. दारांच्या खालच्या फटी पत्र्याने, झरोके बारीक जाळीने आणि नळांभोवतीची भोके सिमेंटने बुजवावीत.
२. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फिरता येईल एवढे अंतर ठेवून रचावीत. सांडलेले धान्य रोज झाडावे.
३. उंदीर भिंतीच्या कडेने धावतात. सापळे आणि चिकट फलक तेथेच ठेवावेत.
४. फॉस्फीनची धुरी केवळ प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच द्यावी.

पिकांवरील पक्षी
१. परिसरातील पेरणी एकाच सुमारास करावी. एकटे आगाप वा मागास शेत सर्व थव्यांचे लक्ष्य बनते.
२. दाणे भरण्याच्या अवस्थेपासून काढणीपर्यंत चमकणाऱ्या फिती पिकाच्या वर पीळ देऊन बांधाव्यात.
३. मक्याच्या बांधाकडील ओळींतील कणसे त्याच झाडाच्या पानांनी गुंडाळावीत.
४. सकाळी सूर्योदयानंतर आणि दुपारी उशिरा राखण ठेवावी. थव्यांचे चरणे या दोन वेळी सर्वाधिक असते. गोफण, डबे, बुजगावणे यांच्या जागा व पद्धती दर तीन-चार दिवसांनी बदलाव्यात.
५. कार्बाइडवर चालणारी, प्लास्टिकच्या नळ्यांची घरगुती बंदूक वापरू नये. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

सारांश

लहान व्यासाचे छर्र्याचे काडतूस ३ ते ५ मीटरवरील एखाद्या उंदरापुरते उपयोगी पडते. त्यापलीकडे ते पिकाचे संरक्षण करत नाही आणि गोदामात वापरल्यास जे धान्य वाचवायचे तेच दूषित करते. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात ‘एक छर्रा, एक पोते’ हा हिशेब आवर्जून समजावून सांगावा. बंदुकीच्या परवान्यामागे जाणारा वेळ व पैसा फटी बुजवणे, जिवंत बिळे मोजणे आणि गावपातळीवर एकत्रित मोहीम राबवणे यांकडे वळवला, तर त्याच हंगामात फरक दिसून येतो. रानडुक्कर किंवा रोही यांच्याकडून नुकसान झाल्यास पंचनामा व भरपाईसाठी विलंब न लावता नजीकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्क साधावा.