आखाती किनाऱ्याची सहल : हिशेब दुर्ग स्टेशनपासून मांडा

परदेशी सहल म्हटली की आपल्याकडे पूर्वी सिंगापूर किंवा दुबई एवढीच नावे निघत. आता पॉवर हाऊस आणि सुपेला भागातल्या प्रवासी एजंटांच्या फलकांवर रास अल खैमा, फुजैरा, ओमान अशी नावेही दिसतात. दुबईपेक्षा स्वस्त, गर्दी कमी आणि समोर शांत समुद्र, असे त्यांचे वर्णन असते. ते खोटे नाही. रास अल खैमा हे संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी एक. दुबईहून मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर. लांबलचक वाळूचे किनारे आहेत आणि मागे जेबेल जैस हा देशातला सर्वांत उंच डोंगर आहे. आखाताचे पाणी उथळ आणि बहुधा संथ असते. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही तिथे पाण्यात उभे राहता येते. पुरीच्या लाटांत ते जमत नाही, हे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तेव्हा अशी सहल म्हणजे उधळपट्टी, असे मी कोणत्याही खातेदाराला सांगणार नाही. प्रश्न एवढाच, की फलकावरचा आकडा कोणत्या गावचा आहे? तो मुंबईचा असतो, भिलाईचा नसतो.

एक उदाहरण घेऊ. यातले दर गणितासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घालावेत. घरात चार माणसे : नवरा, बायको, दहावीतली पंधरा वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांची आजी. जाहिरात म्हणते, ‘४ रात्री, ५ दिवस, माणशी ४०,००० रुपये, मुंबईहून’. चौघांचे १,६०,००० झाले. बहुतेक घरे इथेच बोलणी थांबवतात आणि मुदत ठेवीची पावती घेऊन बँकेत येतात.

आता पुढचा हिशेब. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८,०००. व्हिसा आणि प्रवास विमा पॅकेजमध्ये आहे का, ते विचारा. साधा भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला अमिरातीचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपचा चालू व्हिसा असणाऱ्यांना काही सवलत आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांकडे तो असतो. दोन्हींचे मिळून माणशी ७,५०० धरले तर ३०,००० होतात. पासपोर्टची सरकारी फी मोठ्यांना १,५०० आणि अठरा वर्षांखालच्यांना १,०००. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट मिळते, म्हणून आजीचे १,३५०. चौघांचे ५,३५०.

मग प्रवास. रायपूरच्या विमानतळावरून आखातात थेट विमान जात नाही. दुर्ग ते मुंबई सुमारे ११०० किलोमीटर आहे. थर्ड एसीने चौघांचे जाऊन येऊन १५,००० धरू. गाडी उशिरा आली तर विमान चुकते, म्हणून एक दिवस आधी पोहोचायला हवे. जाता-येता मुंबईतला मुक्काम, टॅक्सी आणि जेवण मिळून १०,०००. मुंबईहून रास अल खैमाला थेट विमानसेवा २०२२ मध्ये सुरू झाली. पॅकेजमध्ये ते विमान नसेल तर दुबईला उतरून गाडीने जावे लागते, आणि ती गाडी कोणाच्या पैशाने, हेही एजंटला विचारून घ्या.

तिथे पोहोचल्यावर बहुतेक स्वस्त पॅकेजमध्ये फक्त सकाळचा नाश्ता असतो. साधे भारतीय जेवण माणशी ४० दिरहम, दोन वेळा, चार माणसे, चार दिवस, असे १,२८० दिरहम होतात. टॅक्सी, जेबेल जैसची फेरी आणि हॉटेल खोलीमागे रोज वेगळा घेते तो पर्यटन कर, यांसाठी ८०० दिरहम. दिरहम २५ रुपयांचा धरला तर हे ३२,००० आणि २०,०००. खरेदीला १५,००० ठेवा. ‘आम्ही काही घेणार नाही’ म्हणून गेलेले घर रिकाम्या हाताने परतलेले मी पाहिलेले नाही.

बेरीज :
पॅकेज व जीएसटी – १,६८,०००
व्हिसा, विमा – ३०,०००
पासपोर्ट – ५,३५०
रेल्वे व मुंबई – २५,०००
जेवण, फिरणे, कर – ५२,०००
खरेदी – १५,०००
एकूण – २,९५,३५० रुपये

माणशी ४०,००० चे सुमारे ७४,००० झाले. कोणी फसवले नाही, फक्त फलकावर अर्धाच हिशेब होता.

याशिवाय टीसीएस नावाची आणखी एक रक्कम एजंट घेतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमाशी गोळा होणारा हा कर आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजला त्याचा दर ५ टक्के होता. अर्थसंकल्पात हा दर बदलत असतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा. पाच टक्क्यांनी आपल्या उदाहरणात ८,४०० होतात. ही रक्कम खर्चात धरायची नाही, कारण ती पॅन क्रमांकावर तुमच्या नावे जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरले की करात वळती होते किंवा परत मिळते. पण अनेक छोट्या दुकानदारांचे उत्पन्न करपात्र नसते, ते विवरणपत्र भरतच नाहीत आणि हे पैसे तसेच राहून जातात. कर लागत नसला तरी त्या वर्षी विवरणपत्र भरा. तोपर्यंत ३,०३,७५० रुपये हातात असावे लागतील.

आता किती दिवस समुद्र मिळतो ते मोजू. पाच दिवसांपैकी पहिला दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा निघण्यात जातो. एक दिवस दुबई दाखवायला ठेवलेला असतो. राहिले दोन. समुद्रासाठीच निघालो असू, तर किनाऱ्यावरचा एक दिवस जवळपास १,४७,७०० रुपयांना पडला. बुर्ज खलिफा पाहण्याचा आनंद वेगळा, त्याचे मोल ज्याचे त्याने ठरवावे.

याच पद्धतीने पुरी मोजा. दुर्गहून थेट गाडी आहे. गाडीभाडे ९,०००, तीन रात्री दोन खोल्या १५,०००, जेवण, रिक्षा आणि कोणार्क १२,००० धरले तर ३६,००० होतात. समुद्राचे तीन दिवस मिळाले तर दिवसाला १२,०००. तारकर्लीला जायचे तर मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत आणि तिथून मालवण. अंतर मोठे, पण घरगुती राहण्याची सोय, माशांचे किंवा शाकाहारी जेवण आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी धरूनही ६७,००० च्या आसपास भागते. आजीची बोली समजणारी माणसे भेटतात, ते वेगळेच.

हंगामाचीही एक गोम आहे. सर्वांत स्वस्त पॅकेज मे ते ऑगस्टमध्ये निघते आणि नेमकी त्याच वेळी आपल्याकडे शाळेला सुट्टी असते. त्या महिन्यांत तिथला पारा चाळिशीच्या वर असतो, हवा दमट असते आणि दुपारी वाळूवर पाय ठेवता येत नाही. दुर्गच्या उन्हातून सुटायला म्हणून तीन लाख खर्चून त्याहून कडक उन्हात जाण्यात काय हशील? नोव्हेंबर ते मार्च हा खरा काळ, आणि तेव्हाचा दर जास्त असतो. ओमानमधले सलाला मात्र पावसाळ्यात हिरवे आणि थंड असते, पण तेव्हा तिथला समुद्र खवळलेला असतो. डोंगर-धबधब्यांसाठी जावे, पोहण्यासाठी नाही.

दिवाळीनंतर जाणार असाल तर फराळाचा डबा नीट तपासा. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते. अनारसे घरीच खाऊन निघा. आजीच्या गोळ्यांचेही डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आधी विचारून घ्या, कारण काही वेदनाशामक औषधांवर तिथे कडक नियम आहेत.

आता पैसा कुठून आणायचा ते पाहू. समजा, तीस महिने हाताशी आहेत. दरमहा ९,५०० रुपयांची आवर्ती ठेव, व्याज साडेसहा टक्के धरले, तर भरलेले २,८५,००० आणि सुमारे २५,००० व्याज मिळून ३,१०,००० होतात. सहल बसते. उलट आजच वैयक्तिक कर्ज काढून निघालो, ३,००,००० रुपये, १२ टक्के, तीस महिने, तर हप्ता ११,६२४ रुपयांचा पडतो आणि एकूण ३,४८,७३३ फेडावे लागतात. महिने तेवढेच, पण दर महिन्याला २,१२४ रुपये जास्त. तीस महिन्यांत ६३,७०० पेक्षा थोडे अधिक.

यावर एक खरा आक्षेप येतो, की तोवर दिरहम महाग होईल. होऊ शकतो. अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधून ठेवला आहे, म्हणजे डॉलर चढला की आपल्यासाठी दिरहमही चढतो. जानेवारी २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. दिरहमही साडेबावीसवरून साडेचोवीसवर गेला. (एके काळी आखातात आपलाच रुपया चाले. १९५९ पासून रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढत असे. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला, तेव्हा तिथल्या बहुतेक राज्यांनी तो सोडला.) पुन्हा तेवढीच, म्हणजे साडेआठ टक्क्यांची वाढ पॅकेज, व्हिसा आणि तिथल्या खर्चावर सगळी धरली, तरी वाढीव बोजा वीस हजारांच्या आसपास येतो. कर्जाने जाणे त्याच्या तिप्पट महाग पडते.

मुदत ठेव मोडण्याचे काय? मुदतपूर्व मोडली तर व्याजदर सहसा अर्धा ते एक टक्का कमी लागतो. तो तोटा लहान आहे. खरी अडचण वेगळी. आपल्या उदाहरणातली मुलगी तीस महिन्यांत बारावी पूर्ण करून कॉलेजच्या दारात असेल. भिलाईत शिकवणीची फी किती असते ते मी सांगायला नको. बहुतेक घरांत ती मुदत ठेव याच कामासाठी केलेली असते, पावतीवर तसे लिहिलेले नसते एवढेच. दुसरीकडे आजी तेव्हा सत्तरीला टेकलेली असेल. तिला ‘थांबा’ म्हणणे सोपे नाही.

म्हणून माझा सल्ला असा. आजीला समुद्र दाखवायचा असेल तर या डिसेंबरात पुरीला घेऊन जा. त्यासाठी दरमहा सहा-सात हजार बाजूला टाकले तर पाच-सहा महिन्यांत भागते. लाटांपासून दूर, कोरड्या वाळूवर खुर्ची टाकून बसवा. आखातासाठी वेगळी आवर्ती ठेव आजच सुरू करा, पण तिला हात मुलीचा प्रवेश आणि पहिल्या वर्षाची फी पार पडल्यावरच लावा. ज्यांच्याकडे शिक्षणाचे पैसे आधीच वेगळे ठेवलेले आहेत, त्यांनी मात्र खुशाल जावे आणि आजीला त्या संथ पाण्यात उभे करावे.

जाणाऱ्यांसाठी बँकेकडून थोडेसे. पैसे कंपनीच्या चालू खात्यात भरा, एजंटच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर नको, आणि जीएसटी क्रमांकाची पावती घ्या. रद्द केल्यास किती परत मिळेल ते लेखी हवे. डेबिट कार्डाचा परदेशातला वापर बंद असतो, तो निघण्यापूर्वी अॅपमधून किंवा शाखेत येऊन सुरू करा आणि मर्यादाही ठरवा. अनेक कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. दुकानदाराने ‘रुपयांत की दिरहममध्ये?’ विचारले तर दिरहम म्हणा. रुपयांत हो म्हटले की दर त्यांचा लागतो. तिथे पाच टक्के व्हॅट आहे. मोठ्या खरेदीवरचा व्हॅट पर्यटकाला विमानतळावर परत मिळू शकतो, पण त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून तसे बिल करून घ्यावे लागते.

आता तुमच्या सहलीचा हिशेब वरच्या सहा ओळींत लिहा, त्याखाली किनाऱ्यावरचे पूर्ण दिवस लिहा आणि भागाकार करा. तो कागद आवर्ती ठेव उघडताना सोबत आणा, हप्ता त्यावरून ठरवू. नोव्हेंबरच्या सहलीचे बुकिंग ऑगस्टमध्ये करायचे असेल, तर ठेवीची मुदत जुलैअखेर संपेल अशी धरा.